आधी एआरईएफ, मग कोड

एडीएक्सएल३३५ या प्रवेग मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे नाचतायत म्हणून लगेच कोड बदलत बसू नकोस. हा सेन्सर ५ व्होल्टचा नाही, जास्तीत जास्त ३.६ चा, आणि त्याचं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलतं. अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड मात्र अ‍ॅनालॉग सिग्नलची मुळात ५ व्होल्टशी तुलना करतो. म्हणून सेन्सरला जे ३.३ व्होल्ट मिळतात, तेच बोर्डाच्या एआरईएफ पिनला, म्हणजे तुलनेचा व्होल्टेज (रेफरन्स) बाहेरून देण्याच्या पिनला दे. पण थांब! एक्स्टर्नल रेफरन्स निवडणारी ओळ पहिल्या अ‍ॅनालॉग रीडच्या आधी हवी, नाहीतर आतला रेफरन्स आणि ही पिन शॉर्ट होऊन चिप जाऊ शकते. ती ओळ असलेलं स्केच (अर्डुइनोचा प्रोग्राम) आधी अपलोड कर, मगच वायर लाव.

आता आडव्या अक्षावर साधारण ५१२ दिसेल, १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग) म्हणजे सुमारे १०२ चा फरक. हे आकडे मात्र तसेच वापरू नकोस, प्रत्येक नग थोडा वेगळा असतो. मॉड्यूल सहाही बाजूंवर स्थिर ठेवून प्रत्येक अक्षाचं कमाल-किमान वहीत लिही. दोघांचा मध्य म्हणजे शून्य, फरकाचा अर्धा म्हणजे १ जी. या कामाला अर्धा तास दे, खरंच.

सेन्सर किती कलला आहे तो कोन काढणार असशील, तर तो सेन्सर स्थिर असतानाच खरा. धावत्या गाडीवर गाडीचा प्रवेगही त्यात मिसळतो.