वाचकांचे प्रश्न : कडुनिंबाखालचा ओटा

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात जुना कडुनिंब आहे. त्याखाली अंगणवाडीची बालके, पहिली ते सातवीचे विद्यार्थी आणि संध्याकाळी साक्षरता वर्गाला येणाऱ्या शेतमजूर महिला या सर्वांना शिकता येईल अशी जागा करण्यास ग्रामपंचायत तयार आहे. सदस्यांचा आग्रह मात्र झाडाभोवती गोल पार बांधून पेव्हर ब्लॉक बसवण्याचा आहे. आपला सल्ला काय?
– एक मुख्याध्यापिका, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : गोल पार देखणा दिसतो, परंतु सावली काही गोल फिरून सर्वांना सारखी मिळत नाही. आपल्याकडे २१ डिसेंबरच्या माध्यान्ही कोणत्याही उभ्या वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीइतकी लांब आणि उत्तरेकडे पडते. दुपारनंतर ती पूर्वेकडे सरकते. म्हणून साडेदहा ते पाचच्या शाळेसाठी ओटा खोडाच्या ईशान्येस असावा. मार्च-एप्रिलमधील सकाळच्या शाळेत सावली पश्चिमेला असते. तिथे काहीही न बांधता नुसता मुरूम टाकून सतरंज्या अंथराव्यात. कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वी सातवीच्या मुलांकडून अकरा, एक आणि चार वाजता सावलीची कड चुन्याने आखून घ्यावी. भूमितीचा तासही त्यातच होईल.

पेव्हर ब्लॉकचा आग्रह मात्र सोडावा. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे ब्लॉक उचलून टाकते. ओट्याच्या जागेवरची काळी माती काढून मुरूम भरावा व धुमसाने चांगला ठोकावा; मात्र खोडापासून किमान दीड-दोन मीटर जागा उघडी ठेवावी आणि मोठी मुळे तोडू नयेत.

तीन वयोगटांसाठी तीन ओटे बांधण्याची गरज नाही. ओट्याचा माथा सपाट ठेवून भोवतालच्या मुरमाला उतार दिला, तर त्याच ओट्याची कड एका टोकाला २५, मध्ये ३५ आणि दुसऱ्या टोकाला ४५ सेंटिमीटर उंच होते, आणि पावसाचे पाणीही वाहून जाते. उंच टोकाला पाठ टेकण्यापुरती भिंत घ्यावी, कारण दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईला पुन्हा वाकून अक्षर गिरवायला लावणे हा जाच आहे. संध्याकाळचा दिवा डोक्यावर न लावता थोडा बाजूला लावावा, नाहीतर किडे पाटीवरच पडतात. कुंपणासाठी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग जवळ रचू नये. त्यात साप-विंचवांना आयता आसरा मिळतो आणि आगीची भीती ती वेगळीच.

उंचीचे हे आकडे अंदाजाचे समजावेत. बांधकामाआधी विटा रचून त्यावर साक्षरता वर्गातील, गुडघ्यांचा त्रास असलेल्या एखाद्या आजींना बसवावे. हाताचा टेका न घेता त्यांना उठता आले नाही, तर विटांचा आणखी एक थर चढवावा.