फोन भरला, आता उडवायचं काय?

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी गोव्यात सत्तरी तालुक्यात राहते, फोन ६४ जीबीचा आहे. यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरात घुमट आरती चालू होती, सासरे स्वतः घुमट (मातीचं चामडं लावलेलं वाद्य) वाजवायला बसलेले आणि मी व्हिडिओ लावला तर थोड्याच वेळात स्टोरेज फुल म्हणून बंद पडला. नंतर बसून चारपाचशे फोटो डिलीट केले तरी जागा होती तेवढीच दाखवतोय. भाच्याने एक क्लीनर ॲप घालून दिलं, ते रोज साफ केलं म्हणून सांगतं पण जाहिरातीच वाढल्या. मुलगा म्हणतो रिसेट मार. पण सासऱ्यांचे जुने व्हिडिओ आहेत, देवळातल्या उत्सवाच्या नाटकांचे आहेत, ते जाता कामा नयेत. काय करू?

उत्तर: ताई, रिसेट अजिबात मारू नका, आणि सासऱ्यांचे व्हिडिओ दुसरीकडे ठेवून होईपर्यंत आणखी काही डिलीटही करू नका. जागा आज नाहीतर उद्या होईलच, पण त्यांनी वाजवलेलं घुमट गेलं तर कुठून आणणार, म्हणून आधी वाचवायचं काय ते सांगतो आणि मग उडवायचं काय ते.

मोबाईलच्या दुकानात ओटीजी पेन ड्राईव्ह मिळतो, फोनला थेट लागतो. घेताना फोन सोबत न्या आणि चार्जिंगची पिन दाखवूनच घ्या. तो लावला की फाइल मॅनेजरमध्ये दिसतो (काही फोनांत सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू करावं लागतं, दिसला नाही तर घाबरू नका). व्हिडिओ निवडून कॉपी करा, मूव्ह नको, कारण मूव्ह करताना मध्येच ड्राईव्ह हलला तर फाइल इकडचीही नाही आणि तिकडचीही नाही असं होऊ शकतं. कॉपी झाल्यावर पेन ड्राईव्हवरूनच दोनतीन व्हिडिओ लावून बघा, मधून आणि शेवटाकडून पण बघा. आणि एवढ्यावर थांबू नका, मुलाच्या कॉम्प्युटरवर नाहीतर गूगल फोटोजमध्ये आणखी एक कॉपी असू दे, पेन ड्राईव्ह हरवतात आणि खराबही होतात.

गूगल फोटोजबद्दल दोन गोष्टी नीट वाचा, इथेच लोकांचे फोटो कायमचे जातात. एक म्हणजे बॅकअप चालू असं दिसलं तरी तो सहसा फक्त कॅमेऱ्याने काढलेल्यांचा असतो, व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ त्यात आपोआप जात नाहीत, त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. म्हणजे नाटकाचे व्हिडिओ जर कोणी नातेवाइकांनी पाठवलेले असतील तर ते बहुतेक फक्त तुमच्या फोनमध्येच आहेत. दुसरं, बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजमध्ये जाऊन साधा डिलीट केला तर तो फोनमधून जातो आणि गूगलवरूनही जातो. फक्त फोन रिकामा करायचा असेल तर त्याच ॲपमध्ये 'फ्री अप स्पेस' आहे, ते बॅकअप झालेलेच तेवढे फोनमधून काढतं आणि गूगलवर ठेवतं. गूगलवर फुकट जागा १५ जीबी, त्यात जीमेल, ड्राईव्ह, फोटो सगळं आलं. पूर्वी थोड्या कमी क्वालिटीत फोटो अमर्याद ठेवता यायचे, ते १ जून २०२१ पासून बंद झालंय.

आता चारपाचशे फोटो उडवून जागा का नाही झाली? ते फोटो अजून फोनमध्येच आहेत. गॅलरीत ट्रॅश किंवा रिसायकल बिन म्हणून असतं, बऱ्याच फोनांत डिलीट केलेलं तिथे ३० दिवस पडून राहतं आणि तेवढी जागा अडवून ठेवतं. तुमच्या बाबतीत हे बरंच झालं, कारण त्या गडबडीत हवा असलेला एखादा गेला असेल तर परत आणता येईल. आधी ट्रॅश पूर्ण चाळा, हवं ते रिस्टोअर करा, मग रिकामा करा.

तरी फोटोंनी फार फरक पडत नाही हे लक्षात घ्या. साधारण फोटो तीनचार एमबीचा, आणि फुल एचडी व्हिडिओचं एक मिनिट १०० ते १५० एमबी, त्याहून जास्त क्वालिटीच्या ४के मध्ये असेल तर ३०० च्याही वर जातं. म्हणजे तुम्ही एक एक फोटो बघून तासभर घालवला आणि दहाबारा मिनिटांचा एक नको असलेला व्हिडिओ तिथेच पडून आहे असं होतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ४के असेल तर फुल एचडी करून ठेवा, घरातल्या आरतीला ते भरपूर झालं.

खरा भार बहुतेक व्हॉट्सॲपचा असणार. वाड्याचा ग्रुप, शाळेतल्या पालकांचा ग्रुप, भजनी मंडळ, माहेरचा, आणि चवथीत तर एकच माटोळीचा (गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या सजावटीचा) व्हिडिओ चार ग्रुपवर येतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. वर ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल वेगळ्या दिसतात, खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या, आणि खाली कुठल्या ग्रुपने किती जागा घेतली ते क्रमाने दिसतं. फॉरवर्ड झालेल्यांवर नजर टाका आणि उडवा, सुप्रभातच्या फोटोंवर जीव अडकवायला नको. मोठ्या फाइल मात्र उघडून बघूनच काढा, नाटकाचे व्हिडिओ त्यातच असणार. आणखी एक, तुम्ही स्वतः काढून पाठवलेल्या व्हिडिओची एक लहान केलेली कॉपी व्हॉट्सॲपच्या सेंट फोल्डरमध्ये राहते, म्हणजे एकच व्हिडिओ फोनमध्ये दोनदा. मूळ सुरक्षित आहे हे बघून सेंटमधली काढली तरी चालते. हे झालं की तिथेच ऑटो डाउनलोड बंद करा, नाहीतर महिन्याभरात परत तेच.

भाच्याने घातलेलं क्लीनर ॲप काढून टाका. ही ॲप्स बहुतेक कॅश, म्हणजे ॲपांनी तात्पुरत्या साठवलेल्या फाइल, साफ करतात, ती दोन दिवसांत परत भरते, आणि त्यासाठी तुमच्या सगळ्या फाइलींची परवानगी घेऊन बसतात. गूगलचं फाइल्स ॲप पुष्कळ फोनांत आधीच असतं, डबल आणि मोठ्या फाइल ते दाखवतं, तेवढं पुरे. एखाद्या ॲपची कॅश हाताने काढायची असेल तर 'क्लिअर कॅश' दाबा, 'क्लिअर डेटा' नको, त्याने लॉगिन जातं आणि व्हॉट्सॲपला केलं तर फोनमधल्या गप्पाही जातात.

सासऱ्यांना पुढच्या वेळी घुमट घेऊन बसवाल तेव्हा आदल्या दिवशी पाचसहा जीबी मोकळे आहेत ना एवढं बघून ठेवा. आणि जमलं तर चवथीची वाट बघू नका.

प्रश्न: फोन १२८ जीबीचा म्हणून घेतला आणि नवीन असतानाच बरेच जीबी वापरलेले दाखवत होता. कंपनीने फसवलं का? मी मडगावला कॉलेजला आहे.

उत्तर: नाही रे, फसवलं नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, आणि १०२४ च्या हिशोबाने मोजलं तर तेच १२८ जीबी साधारण ११९ भरतात. त्यात अँड्रॉइड आणि कंपनीची आपली ॲप्स बसतात, ती जागा आपल्याला मिळत नाही. तुझ्या हातात आहे ते म्हणजे टेलिग्राम, त्यात बघितलेले पिक्चर कॅशमध्ये साठत जातात, 'डेटा अँड स्टोरेज'मध्ये जाऊन बघ किती जमलेत. आणि गाण्यांच्या, व्हिडिओंच्या ॲपमध्ये ऑफलाइनसाठी उतरवलेलं ते ॲप उघडूनच काढावं लागतं, गॅलरीत दिसत नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, म्हापसा. मेमरी कार्ड घातलं तरी फोन भरलेलाच. कार्ड खराब असेल का?

उत्तर: सर, कार्ड बहुधा चांगलंच असेल, फक्त त्यावर काही जात नसणार. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेव्ह कुठे करायचं तिथे एसडी कार्ड निवडा, म्हणजे इथून पुढचे फोटो कार्डावर जातील, जुने मात्र तुम्हाला फाइल मॅनेजरमधून हलवावे लागतील. व्हॉट्सॲप आपल्या फाइल फोनच्या आतच ठेवतं, ते कार्डावर नेता येत नाही. कार्ड फारच स्वस्तात मिळालं असेल तर मात्र तपासून घ्या, नकली कार्डं ५१२ जीबी दाखवतात आणि आत त्यापेक्षा कितीतरी कमी असतं, ती भरली की पुढचे फोटो सेव्ह झाल्यासारखे दिसतात पण उघडत नाहीत. कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) नावाच्या फुकट प्रोग्रॅमने खरी जागा कळते. कार्ड रिकामं असतानाच ते चालवा, आणि तोपर्यंत फोनमधले मूळ फोटो काढू नका.