टीव्ही रेकॉर्डर सर्व्हिस म्हणून लावला, पण मशीन रीबूट झालं की ट्यूनर सापडत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की टीव्हीहेडएंड (टीव्ही रेकॉर्ड करणारा प्रोग्राम) टर्मिनलमधून नीट चालतो, सिस्टमडीची (लिनक्समध्ये बूट होताना प्रोग्राम सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस केली की बूटनंतर यूएसबी ट्यूनर दिसत नाही, आणि सर्व्हिस हातानं रीस्टार्ट केली की लगेच दिसतो. शेवटच्या वाक्यातच कारण आहे: रेकॉर्डर ट्यूनरच्या आधी उठतोय.

ट्यूनरचा ड्रायव्हर लोड होतो, बऱ्याच ट्यूनरमध्ये फर्मवेअर (ट्यूनरच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) चढतं, मग कुठे डीव्हीबी (डिजिटल टीव्ही) फोल्डरमध्ये फ्रंटएंडची, म्हणजे ट्यूनरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाची, फाइल उमटते. तोवर सिस्टमडीनं सर्व्हिस केव्हाच सुरू केलेली असते, कारण कुणासाठी थांबायचं हे तिला सांगितलेलंच नाही. यावर बरेच जण अर्ध्या मिनिटाचा स्लीप, म्हणजे नुसतं थांबणं, घालतात. मला तो उपाय पटत नाही. एखाद्या दिवशी ट्यूनरनं जास्त वेळ घेतला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्यापेक्षा युडेव्हमध्ये (जोडलेली उपकरणं ओळखणारी लिनक्सची यंत्रणा) एका ओळीचा नियम लिहा: सबसिस्टिम डीव्हीबी असेल तर ‘सिस्टमडी’ हा टॅग लावायचा. मग फ्रंटएंड तयार होताच त्याचं डिव्हाइस युनिट, म्हणजे सिस्टमडीला जिची वाट बघता येते अशी नोंद, बनतं. सर्व्हिसच्या आफ्टर (याच्यानंतर सुरू हो) आणि वॉन्ट्स (हे हवं, पण नसलं तरी चालेल) या दोन्ही ओळींत त्या युनिटचं नाव द्या. रिक्वायर्स (हे असलंच पाहिजे) मात्र देऊ नका. ट्यूनर बंद पडला तर सर्व्हिसच सुरू होणार नाही आणि आधीची रेकॉर्डिंगंही बघता येणार नाहीत. वॉन्ट्स असेल तर सिस्टमडी डीफॉल्टनं ९० सेकंद वाट बघतो आणि मग ट्यूनरशिवायही सर्व्हिस सुरू करतो. हे बदल ‘सिस्टमसीटीएल एडिट’नं करा, म्हणजे पॅकेज अपडेट झालं तरी टिकतील.

रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर होत असेल तर मला ट्यूनरपेक्षा तिची काळजी जास्त वाटते. ट्यूनर नसला तर एक कार्यक्रम हुकतो. डिस्क माउंट झालेली नसताना रेकॉर्डर उठला तर तो माउंट पॉइंटच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टमच्या मुख्य (रूट) पार्टिशनवर लिहायला लागतो. सेकंदाला ८ मेगाबिटचं चॅनल तासाला ३.६ जीबी जागा घेतं, त्यामुळे छोटं रूट पार्टिशन बघता बघता भरतं. नंतर डिस्क माउंट झाली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. डीएफ (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी कमांड) जागा संपली म्हणतं आणि डीयूला (फोल्डरनिहाय जागा मोजणारी कमांड) मोठी फाइल काही सापडत नाही. ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ सलग लिहून पुढे रेकॉर्डिंगच्या फोल्डरचा पाथ द्या. माउंट झाल्याशिवाय सर्व्हिस उठणार नाही. इथे असा कडकपणा हवाच.

एवढं करूनही लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ आलं तर सर्व्हिस कोणत्या युजरनं चालते ते बघा. मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्या युजरला डीव्हीबी वापरायची परवानगी लॉगिनसोबत आपोआप मिळते, म्हणून टर्मिनलमध्ये ही अडचण कळतच नाही. सर्व्हिसच्या युजरला ती मिळत नाही, त्याला व्हिडिओ ग्रुपमध्ये घालावं लागतं. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालवू नका. वेब इंटरफेस उघडा ठेवणाऱ्या प्रोग्रामला रूटचे अधिकार देणं धोक्याचं आहे.

शेवटी मशीन पूर्ण बंद करून चालू करा, नुसतं रीबूट नको. बऱ्याच ट्यूनरमध्ये वीज तुटेपर्यंत फर्मवेअर टिकून राहतं, त्यामुळे रीबूटमध्ये ते झटकन तयार होतात आणि चाचणी खोटी ठरते. लॉगिन न करता दुसऱ्या मशीनवरून ब्राउझरमध्ये टीव्हीहेडएंडच्या वेब इंटरफेसचा ९९८१ पोर्ट उघडा आणि ट्यूनर यादीत आहे का ते बघा.