डिसेंबरचं मूल, जूनची शाळा

प्रश्न : ताई, माझा मुलगा ९ डिसेंबरचा. येत्या जूनमध्ये साडेतीन वर्षांचा होईल, तरी ज्युनिअर केजीच्या वयात बसतो असं शाळेने सांगितलं. सध्या नर्सरीत आहे. दारात रोज रडतो, डबा बहुतेक तसाच परत येतो. अजून एक वर्ष नर्सरीतच ठेवावं असं मला वाटतं. सासूबाई म्हणतात, वर्ष वाया जाईल. ह्यांची रेल्वेत बदलीची नोकरी आहे. काय करू?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : शाळा चुकीचं सांगत नाही. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत चार पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या जूनमध्ये ज्युनिअरला घेता येतं. सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ही तारीख ठरली. पण ती कमीत कमी वयाची अट आहे, त्याच वर्षी घातलंच पाहिजे असं नाही. त्याच वर्गात तुमच्या बाळापेक्षा अकरा महिन्यांनी मोठं, जानेवारीचं मूलही बसणार.

बालवाडीत मी २६ वर्षं काढली. गेल्या वर्षी असाच एक डिसेंबरवाला होता. 'ग' गिरवायला दिला, तर खडू मुठीत धरून खांद्यापासून हात हलवायचा. रेघ पाटीच्या चौकटीवर जायची. शेजारची मुलगी पाटी भरून मोकळी. एक दिवस त्याने पाटी पालथी करून मांडीखाली दडवली. गोष्ट सांगताना पहिला प्रश्न याचाच असायचा हो! बोटांत जोर आला नव्हता, एवढंच. पण 'मला येत नाही' हे त्याच्या मनात बसलं, ते काढायला दिवाळी उजाडली.

तुमच्या जागी मी थांबले असते. बदलीचाही विचार करा. बदलीच्या केंद्र सरकारी नोकरांची मुलं जिथे शिकतात, त्या केंद्रीय विद्यालयात पहिलीला ३१ मार्च रोजी सहा पूर्ण लागतात. आता ज्युनिअरला घातलंत तर तो साडेपाचव्या वर्षी पहिलीत जाईल, आणि नेमकी तेव्हा बदली झाली तर तिथे प्रवेशच मिळणार नाही.

घरी मात्र बसवू नका. नर्सरीच पुन्हा करू दे, आणि घरी मटार सोलणं, कणकेचे गोळे, शर्टाची बटणं त्याच्याकडे सोपवा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी पाड्यावरच्या मुलांना आसपासच्या वस्तूंनीच शिकवलं. सासूबाईंना रोज रात्री एक गोष्ट सांगायला लावा. वर्ष कुठे गेलं ते त्यांनाच दिसेल. फक्त बोलणं खूपच कमी असेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि उद्या सकाळी एक करा. डबा भरून त्याच्या हातात द्या आणि झाकण त्यालाच उघडू द्या. माझ्या वर्गात डबा तसाच नेणाऱ्या कितीतरी मुलांना ते उघडताच येत नसायचं, आणि बाईंना सांगायची भीती वाटायची.