जनुकांमुळे प्रत्येकाची पोषणाची गरज वेगळी असते का?
सारखाच आहार घेणाऱ्या दोन सख्ख्या भावंडांपैकी एकाच्याच शरीरात लोह साठत जाते, यामागे जनुके असू शकतात का आणि जनुकचाचणी करून आहार ठरवावा का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर 'होय' आहे. दुसऱ्याला मी सरसकट होकार देणार नाही.

जनुकामुळे पोषणाची गरज मुळापासून कशी बदलते, हे फिनाइलकीटोन्युरिया या विकारात सर्वांत स्पष्ट दिसते. फिनाइलॲलनिन या अमिनो आम्लाचे टायरोसिनमध्ये रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) जन्मतःच निकामी असल्यामुळे पहिले आम्ल रक्तात साचून मेंदूला इजा करते आणि दुसरे, जे इतरांचे शरीर स्वतःच तयार करते, ते या रुग्णांना आहारातून मिळवावे लागते. आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी १९३४ मध्ये ओळखलेल्या या विकारावर आजही मुख्य उपचार आहारनियमनाचाच आहे.

आपल्या उदाहरणातील लोहाचे गणित इतके सरळ नाही. लोहाच्या शोषणावर नियंत्रण ठेवणाऱ्या एचएफई जनुकातील सी२८२वाय नावाचा बदल आई आणि वडील दोघांकडून आल्यास आतडे गरजेपेक्षा अधिक लोह शोषते. दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे या बदलाची एकच प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याबाबत ही शक्यता चारात एक असते. तरीही असा वारसा मिळालेल्या सर्वांनाच आजार होत नाही, आणि मासिक पाळीतून लोह बाहेर जात असल्याने स्त्रियांमध्ये तो बहुधा उशिरा प्रकटतो.

बहुतेक जनुकीय फरक याहून पुष्कळ सौम्य असतात. एमटीएचएफआर जनुकाच्या ज्या प्रकाराचा बराच गाजावाजा होतो, त्याच्या दोन्ही प्रती असलेल्यांच्या रक्तातील फोलेटची (ब गटातील एक जीवनसत्त्व) पातळी, फॉलिक आम्लाचे (त्याच जीवनसत्त्वाचे कृत्रिम रूप) सेवन सारखे असताना, सुमारे १६ टक्केच कमी आढळते. शिवाय शिफारस केलेले दैनिक प्रमाण मुळातच ९७ ते ९८ टक्के निरोगी व्यक्तींची गरज भागेल, असे ठरवलेले असते.

'जनुकांनुसार आहारतक्ता' विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, तो यामुळेच. वजन जास्त असलेल्या ६०९ प्रौढांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी स्निग्धांशाचा आहार कोणाला मानवेल आणि कमी कर्बोदकांचा कोणाला, हे निवडलेल्या जनुकीय प्रकारांवरून सांगता आले नाही.

आपल्या बाबतीत फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि ट्रान्सफेरिन संपृक्तता (रक्तातून लोह वाहून नेणारे प्रथिन लोहाने किती भरले आहे, त्याचे प्रमाण) या रक्ततपासण्या दोन्ही भावंडांनी आधी कराव्यात. त्या वाढलेल्या आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने एचएफईची चाचणी करावी, आणि तोवर लोहाच्या व लोहाचे शोषण वाढवणाऱ्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.