हॅरी बर्नच्या एका मतामुळे अमेरिकेतल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला, हे खरं आहे का?

हो, खरं आहे, पण ते मत शेवटचं निर्णायक मत होतं, एकमेव नव्हे. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या घटनादुरुस्तीला ३६ राज्यांची मंजुरी हवी होती. ३५ झाली होती आणि उरलेलं एक टेनेसी ठरलं. १८ ऑगस्ट १९२० रोजी तिथल्या विधानसभेत मंजुरीचा प्रस्ताव बाजूला ठेवण्यावर ४८-४८ अशी बरोबरी झाली. २४ वर्षांचा आमदार बर्न तेव्हा विरोधकांच्या बाजूने होता, कोटावर त्यांची खूण असलेलं लाल गुलाबाचं फूलही होतं. पण खिशात आईचं, फेब बर्नचं, सात पानी पत्र होतं: शहाण्या मुलासारखा वाग आणि मताधिकाराला मत दे. प्रत्यक्ष मंजुरीच्या वेळी तो ‘हो’ म्हणाला. आईचा सल्ला ऐकणंच मुलासाठी सर्वांत सुरक्षित, असं कारण त्याने दुसऱ्या दिवशी सभागृहात दिलं. ते पत्र नॉक्सव्हिलच्या संग्रहात आजही जपलेलं आहे. चिडलेल्या विरोधकांना न जुमानता तो त्याच वर्षी पुन्हा निवडून आला. पुढे राज्याच्या सिनेटमध्येही गेला आणि बँकेचा अध्यक्ष झाला. मात्र बँक्स टर्नर या आमदाराचं मतही तितकंच मोलाचं होतं, त्याचं नाव उगाच मागे पडतं. शिवाय दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत मतदानापासून अडवलंच जात होतं.