अमेरिकेतल्या हायस्कूलांची 'कॉन्फरन्स' म्हणजे काय? आपल्या जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेसारखंच असतं का ते?

तुम्ही लिहिलंय की भाचा न्यू जर्सीत एडिसनला हायस्कूलमध्ये आहे, परवा फोनवर "आम्ही जीएमसी जिंकलो" म्हणाला आणि तुमच्या डोळ्यांपुढे ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं. गोव्याकडचं कुणी असतं तर बांबोळीचं हॉस्पिटल आठवलं असतं. इकडची जीएमसी म्हणजे ग्रेटर मिडलसेक्स कॉन्फरन्स. माझी मुलगी या कॉन्फरन्समध्ये चार वर्षं टेनिस खेळली आणि मी चार वर्षं घडीची खुर्ची घेऊन जाळीबाहेर बसलो. माझा अधिकार काय तो एवढाच.

सरळ उत्तर: नाही, जिल्हास्तरीय स्पर्धेसारखं नसतं. आपल्याकडे आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य. एक सामना हरला की गाशा गुंडाळायचा. कराडकडच्या आमच्या शाळेचा खो-खोचा संघ दोन महिने पहाटे उठून सराव करायचा, एसटीनं तालुक्याला जायचा आणि पहिल्याच सामन्यात हरून दुपारच्या गाडीनं परत यायचा. वर्षभराचा खेळ तिथंच संपला. डबा तेवढा परतीच्या वाटेवर खायचा राहिलेला असायचा.

कॉन्फरन्सचं तसं नाही. आसपासच्या शाळा एकत्र येऊन ठरवतात की या सीझनला कुणी कुणाशी, कोणत्या वारी, कुणाच्या मैदानावर खेळायचं. मंगळवारी हरलात तरी गुरुवारी पुढची मॅच आहेच, आणि ती हरलात तरी त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे. संघ कितीही रडका असो, मुलांना खेळायला मिळतंच. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतली खरी मोलाची गोष्ट हीच. चषक-बिषक नंतर.

या शाळा जवळच्याच का, तर दुपारी अडीच-तीनला शाळा सुटल्यावर पिवळ्या बसनं जाऊन, खेळून, रात्री जेवायला घरी पोचता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी गणिताची टेस्ट असते. मिडलसेक्स काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) हा त्यासाठी अगदी बेताचा तुकडा आहे: एडिसन, वुडब्रिज, पिस्कॅटवे, मटचन, ईस्ट ब्रन्स्विक, साउथ ब्रन्स्विक, ओल्ड ब्रिज, साउथ रिव्हर, हायलंड पार्क, सगळी गावं एकमेकांना चिकटलेली. एकट्या एडिसनमध्ये दोन सरकारी हायस्कूलं आहेत, एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स. भाच्याला यातलं कुठलं ते आधी विचारून घ्या. चुकीचं नाव घेतलंत तर राग येतो पोरांना. वुडब्रिज टाउनशिपमध्ये तीन: वुडब्रिज, कोलोनिया आणि जॉन एफ. केनेडी. शेवटची इझलिनमध्ये, म्हणजे जिथल्या ओक ट्री रोडवर आपले लोक सोनं आणि पाणीपुरी एकाच फेरीत उरकतात तिथलीच. शिवाय काही कॅथलिक आणि खाजगी शाळा, आणि काउंटीच्या तांत्रिक शाळा. सगळ्या मिळून तिसाच्या वर भरतात.

एवढ्या शाळांत काही प्रचंड, काही चिमुकल्या. साउथ रिव्हरनं दर आठवड्याला ईस्ट ब्रन्स्विकशी झुंजायचं म्हटलं तर पोरं खेळ सोडून देतील. म्हणून आत पुन्हा डिव्हिजन पाडलेल्या असतात, रंगांच्या नावांनी: रेड, व्हाइट, ब्लू वगैरे. ताकदीची माणसं ताकदीच्या माणसांत. एखादी शाळा एका खेळात वरच्या रंगात आणि दुसऱ्या खेळात खालच्या रंगात असू शकते.

तेव्हा "जीएमसी जिंकलो" याचे दोन अर्थ निघतात. नेहमीच्या सीझनमध्ये आपल्या रंगात पहिला नंबर आला, तर ते डिव्हिजनचं विजेतेपद. आणि सगळ्या रंगांच्या शाळांची मिळून वेगळी बाद फेरीची स्पर्धा होते, ती जिंकली तर खरी जीएमसी. तिला लोक सर्रास 'काउंटी' म्हणतात. ही स्पर्धा मात्र तुमच्या ओळखीची, हरला की बाहेर. त्याच्याही वर राज्य. तिथलं सगळं न्यू जर्सीची शालेय क्रीडा संघटना बघते, १९१८ सालची आहे ती. ती शाळांचे पटसंख्येनुसार गट करते आणि आधी राज्याच्या एकेका भागाचा, मग राज्याचा विजेता ठरवते. पूर्वी काही खेळांत या सगळ्या गटांच्या विजेत्यांमध्ये पुन्हा एक 'चॅम्पियन्स'ची स्पर्धा व्हायची. २०२२ मध्ये ती बंद केली. मला स्वतःला वाईट वाटलं. छोट्या शाळेनं मोठ्या शाळेला लोळवण्याची तेवढी एक जागा होती.

नियम बरेच आहेत, सगळे सांगत बसत नाही. पण दोन आईबापांना हमखास माहीत नसतात. एक, १ सप्टेंबरच्या आत एकोणीस पूर्ण झाली तर त्या वर्षी खेळता येत नाही. दुसरा, मार्कांचा: आदल्या वर्षी ठरावीक क्रेडिट (विषय पास झाल्यावर खात्यात जमा होतात ते), बहुतेकांच्या बाबतीत ३०, मिळवलेले नसतील तर पोरगं कितीही उंच असो, बाकावर. आपल्याकडे खेळल्याबद्दल दहावीला वाढीव गुण मिळतात, इकडे गुण असतील तरच खेळता येतं.

आणखी एक गंमत. टेनिस मुलींचं शरद ऋतूत असतं आणि मुलांचं वसंतात. व्हॉलीबॉलचंही तसंच. मला पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये मी हौसेनं लेकीला नवी रॅकेट आणून दिली तर ती म्हणाली, "बाबा, आमचा सीझन नोव्हेंबरच्या आधीच संपला की."

आता ती मंगळवारची मॅच सांगतो, म्हणजे कॉन्फरन्स काय चीज आहे ते कळेल. ऑक्टोबरची सुरुवात, समोरच्या शाळेचं कोर्ट. इथे एका संघात तीन सिंगल्स आणि दोन डबल्स, असे पाच सामने एकाच वेळी शेजारशेजारच्या कोर्टांवर चालतात. तीन जिंकेल तो संघ विजयी. आमची लेक सेकंड डबल्स, म्हणजे उतरंडीत सगळ्यात शेवटची. त्या दिवशी दोन-दोन झालेलं. बाकीच्या मुली खेळ आटोपून कोर्टाबाहेर मांडी घालून बसलेल्या, एकीच्या मांडीवर कॅल्क्युलसची वही. पंच नाहीत. बॉल आत की बाहेर हे ज्याच्या बाजूला पडला त्यानंच सांगायचं, आणि बाहेर असेल तर बोट वर करायचं, क्रिकेटच्या पंचासारखं.

तिसरा सेट, चार-चार. समोरच्या पोरीनं मारलेला बॉल आमच्या मागच्या रेषेवर पडला. माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "बाहेर गेला वाटतं." मी न बघताच म्हणालो, "नाही हो, रेषेवर आहे." मग दोघांच्याही लक्षात आलं की आपण मराठीत बोललो. त्या समोरच्या पोरीच्या आई, मूळच्या नाशिकच्या. तेवढ्यात आमच्या लेकीनं बोट वर न करता हात आडवा धरला, म्हणजे आत. पॉइंट गेला, पुढे तो गेमही गेला आणि मॅचही. बाईंनी पिशवीतून डबा काढला आणि "घ्या, चकली घ्या" म्हणून माझ्यापुढे धरला. हरलेल्या बाजूनं चकली खावी का, यावर मी फार विचार केला नाही.

परतीची बस वेळेवर आली नाही, ड्रायव्हरच मिळेना म्हणे. अंधार पडेपर्यंत दोन्ही शाळांच्या मुली पार्किंगमध्ये एकत्र बसून गाणी लावत होत्या. नंतरच्या तीन वर्षांत त्यातल्या निम्म्या पोरी मला नावानिशी ओळखू लागल्या. आमची लेक राज्याच्या वैयक्तिक स्पर्धेत कधीच पोचली नाही. पण साउथ ब्रन्स्विकच्या कोर्टावर वारा कुठून येतो हे तिला आजही पाठ आहे.

याच कॉन्फरन्सच्या शाळांतून मोठमोठी नावंही निघाली आहेत. साउथ रिव्हर ही इथल्या छोट्या शाळांतली एक. साठच्या दशकात, म्हणजे जीएमसी या नावाच्याही आधी, तिच्या फुटबॉल संघात (इथला फुटबॉल म्हणजे बॉल हातात घेऊन धडका मारायचा अमेरिकन खेळ) क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवून बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, होता जो थाइसमन. त्याच्यानंतर ती जागा घेतली ड्रू पिअर्सननं. पुढे एक वॉशिंग्टनकडून सुपर बोल, म्हणजे त्या खेळाची देशातली सर्वांत मोठी फायनल, जिंकला, दुसरा डॅलसकडून, आणि हे दोन संघ एकमेकांचे हाडवैरी! एका गल्लीतून मुंबई आणि दिल्ली दोघांचे कॅप्टन निघावेत तसं. ईस्ट ब्रन्स्विकची हेदर ओ'रायली २००४, २००८ आणि २०१२ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन आली, सॉकरमध्ये, म्हणजे आपल्या फुटबॉलमध्ये. बास्केटबॉलचा कार्ल-अँथनी टाउन्स वाढला पिस्कॅटवेत, पण खेळला मटचनच्या सेंट जोसेफ या कॅथलिक शाळेकडून. २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे बास्केटबॉलचे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिलं नाव त्याचं. त्याचे वडील पिस्कॅटवेच्या तांत्रिक शाळेचे कोच होते. खाजगी शाळा कुठल्याही गावचं पोरगं घेऊ शकते, सरकारी शाळेला आपल्याच हद्दीतल्या पोरांवर भागवावं लागतं. यावरून दर हिवाळ्यात जाळीबाहेर वाद होतो आणि तो कधी मिटायचा नाही.

फुटबॉलचं मात्र वेगळं खातं आहे. तेवढ्या एका खेळासाठी २०२० पासून आमच्या शाळा युनियन, सॉमरसेट, हंटरडन आणि वॉरन या काउंट्यांतल्या शाळांबरोबर बिग सेंट्रल कॉन्फरन्समध्ये खेळतात. कारण साधं आहे: फुटबॉलला आठवड्याला एकच मॅच, तेव्हा लांब जाणं परवडतं, आणि धडकाधडकीच्या खेळात तोडीस तोड शाळा जास्त शोधाव्या लागतात. भाचा फुटबॉल खेळत असेल तर 'जीएमसी जिंकलो' म्हणणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि हो, तुम्ही शेवटी विचारलंय, क्रिकेट आहे का? नाही. एडिसनच्या मैदानांवर शनिवार-रविवारी मोठी माणसं बॅट घेऊन दिसतात, पण शालेय संघटनेच्या खेळांच्या यादीत क्रिकेट नाही. शेजारच्या न्यू यॉर्क शहरात मात्र सरकारी शाळांची क्रिकेट लीग २००८ पासून सुरू आहे. आमच्या पिढीला १९८८ मधली हॅरिस शील्डची तेंडुलकर-कांबळीची ६६४ ची भागी तोंडपाठ, त्यामुळे इथल्या प्रत्येक मराठी बापाच्या मनात ही सल असते. पोरांना काही वाटत नाही. ती खुशाल बोलिंगच्या संघात जातात. इथे बोलिंग म्हणजे टेनपिन, आणि तोही राज्यपातळीवरचा शालेय खेळ आहे, हे पचायला मला दोन हिवाळे लागले.

तेव्हा भाच्याचा पुढचा फोन आला की एवढंच विचारा, "डिव्हिजन की काउंटी?" डिव्हिजन म्हणाला तर रंग कोणता तेही विचारा. मामाला रंग माहीत आहेत म्हटल्यावर तो दहा मिनिटं तरी फोन ठेवत नाही.